कोरं भांडं, कोरी ढवळणी

मी पीएचडीसाठी जर्मनीला निघाले त्या दिवशीसुद्धा बाबांनी फर्स्ट शिफ्ट केली. त्यावरून आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. एकुलती एक मुलगी परदेशी निघालीय आणि ह्यांना रजा टाकता येत नाही, हे ती दर अर्ध्या तासाने भिंतीला सांगत होती. बाबांचा हिशोब सरळ होता. गाडी चारला येणार, मी तीनला सुटणार, मग सकाळपासून घरात बसून तुमच्या पायात पायात कशाला करू? सव्वातीनला ते दारात हजर. खाकी युनिफॉर्म, खिशाला दोन पेनं, आणि अंगाला टोल्यूइनचा, कारखान्यातल्या द्रावकाचा वास. आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले तरी तो वास गेला नव्हता. आमच्या घरात तो माझ्या जन्मापासून होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येत असणार.

आमचं घर कोकणात, खेडच्या पुढे, एमआयडीसीच्या वसाहतीत. बाबा एका औषधाच्या कारखान्यात ऑपरेटर होते, शेवटी शेवटी सीनियर ऑपरेटर. शिक्षण बारावी सायन्स, तेही रडतखडत, हे ते स्वतःच सांगायचे. मुंबईपर्यंत शेजारच्या सावंतकाकांची गाडी केली होती. बाबा पुढच्या सीटवर माझ्या कागदांची फाइल मांडीवर धरून बसले आणि कशेडीचा घाट चढताना काकांना माझा विषय समजावू लागले. कॅटॅलिस्ट म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ हो, दोघांचं जुळवून देतो आणि स्वतः जसाच्या तसा बाजूला होतो. आमच्याकडे काळी पूड असते, पॅलेडियमची. कायम ओली ठेवायची, वाळली की पेट घेते. बॅच झाली की नच फिल्टरमधून गाळून सगळी परत काढायची, चिमूटभरसुद्धा औषधात जाता कामा नये. आता हिला असं काही शोधायचंय की ती पूड लागणारच नाही. काकांनी मान हलवली. मी मागच्या सीटवर लाजून खिडकीबाहेर बघत होते, कारण बाबांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं आणि तरी मला वाटत होतं, की त्यांनी आता गप्प बसावं.

हे मला आज लिहून ठेवायचं आहे. लाज तिथपासूनच होती. विमानतळाच्या दारात बाबांनी फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हात धुऊन जेवत जा." तेवढंच. केमिकलवाल्या माणसाचा आशीर्वाद तो. आई रडत होती, मीही रडले, बाबा दारावरच्या जवानाला विचारत होते की आतमध्ये पाणी फुकट मिळतं ना.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले त्यांना पहिले सहा महिने सांगायला नकोत. आखनला उतरले, आनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीसाठी, सकाळी सातला रांगेत उभी राहिले, दोन जर्मन मुलींबरोबरच्या वेगेत, म्हणजे सामाईक घरात, अकरा चौरस मीटरची खोली मिळाली. भांडी कुठल्या स्पंजने घासायची आणि कुठल्याने ओटा पुसायचा याचा तिथे लेखी नियम होता. शनिवारी सायकल मारत हॉलंडच्या हद्दीत जायचं आणि स्वस्त भाजी घेऊन यायचं. गावाकडे शेजारच्या तालुक्यात जायचं तरी आई डबा बांधून द्यायची, आणि इथे मी कोथिंबिरीसाठी देश ओलांडत होते. फोनवर हे सांगितलं तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो ठसका बराच वेळ चालला. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

लॅबमध्ये मला सगळं ओळखीचं वाटलं आणि काहीच ओळखीचं नव्हतं. बाबांचा रिॲक्टर दोन माणसं आत उभी राहतील एवढा, माझं काचेचं भांडं अंगठ्याएवढं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी फिल्टरला नुच्च्‍य म्हणालं आणि मी चमकले, कारण बाबा जन्मभर ज्याला नच म्हणत आले तो शब्द इथला, जर्मन. फोन करून सांगितलं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगितलं, आपण रोज जर्मन बोलतो म्हणून.

माझं काम थोडक्यात सांगते, घाबरू नका. औषधं बनवताना कार्बनच्या दोन कड्या एकमेकांना जोडावी लागतात. ते काम पॅलेडियम फार छान करतं, पण ते महाग, दुर्मिळ, आणि औषधातून त्याचा अंश न अंश काढत बसावं लागतं. आपल्या शरीरातली एन्झाइम्स असल्या शेकडो जोडण्या साध्या पाण्यात, अंगाच्या उबेत करतात. मग एन्झाइमची नक्कल करून, सहा-सात अमिनो आम्लांची एक चिमुकली माळ ओवून तिच्याकडून हे काम करून घेता येईल का? धातूशिवाय? जगभरात कित्येक लॅब या मागे लागल्या आहेत. त्यांतलीच एक आमची.

दीड वर्ष काहीही झालं नाही. मी नुसत्या माळा ओवत होते आणि फेकत होते. शेजारच्या हूडवर, वाफा खेचून घेणाऱ्या काचेच्या कपाटावर, यान नावाचा जर्मन मुलगा काम करायचा, उंच, शांत, प्रत्येक वाक्यानंतर गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणणारा. त्याच्याकडून मी निम्मं काम शिकले. त्याची एकच गोष्ट मला खटकायची. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी लॅबची सफाई असायची आणि तो चांगल्या वस्तू खुशाल कचऱ्यात टाकायचा. भांड्यातलं मिश्रण ढवळायला एक छोटं चुंबक असतं, वर पांढऱ्या टेफ्लॉनचं कवच, दिसायला औषधाच्या कॅप्सूलसारखं. इथे लाडाने त्याला र्‍यूरफिश म्हणतात, ढवळणारा मासा. कवच जरा करडं पडलं, एखादा ओरखडा आला, की यान ते फेकून द्यायचा. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. मला ते बघवेना. मी सगळे मासे कचऱ्यातून वेचले, साबणात उकळले, ॲसिडमध्ये बुडवले, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून माझ्या कप्प्यात ठेवले. यान हसला. मी म्हटलं, हसतोस काय, नवीन लागले की माझ्याकडेच येशील मागायला. तो कधी आला नाही. मी मात्र त्याच बरणीतले वापरत राहिले आणि आपण किती काटकसरी म्हणून खूश होते.

आणि एका मंगळवारी झालं. एकेचाळीस नंबरच्या माळेने जोडणी केली. साध्या पाण्यात, साठ अंशांवर, धातू नाही, काही नाही. मी चार वेळा केलं, चारही वेळा झालं. माळ घातली नाही की होत नव्हतं, म्हणजे करणारी माळच. वापरलेली सगळी रसायनं धातूसाठी तपासून आणली, स्वच्छ. आमचे प्रोफेसर फार कमी बोलणारे गृहस्थ. ते माझ्या हूडपाशी येऊन उभे राहिले, आलेख बघितला, आणि "श्योन", छान, एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, उडत गेले.

रविवारी दुपारी फोन केला. बाबा तेव्हा रजेवर होते, जरा धाप लागते म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं, जसं दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं, कारण घरात समजणारे तेच. ते मधे मधे विचारत होते, तापमान किती, ढवळणं किती वेगाने, गाळलं कसं. मग म्हणाले, "बाय, एकदा भांडं बदलून बघ. कोरं भांडं घे, कोरी ढवळणी घे, आणि मग कर."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. कारखान्यात एकदा एक बॅच कॅटॅलिस्ट न घालताच पुढे सरकली होती. हेड ऑफिसचे लोक धावत आले, दोन दिवस नुसता आनंदीआनंद. बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं, आधीच्या बॅचचं काहीतरी ढवळणीच्या दांड्यापाशी बसलंय, नीट धुऊन परत लावा. धुऊन लावलं, तर काही नाही, नुसतं गरम पाणी. भांड्याने खाल्लेलं भांडं विसरत नाही, म्हणाले.

मला नाकाला मिरच्या झोंबल्या. आधीच मी तोंडाळ, त्यात दीड वर्षाचं वैफल्य, आणि आता कुठे जरा हाताला लागलं तर पहिली शंका घरूनच. मी म्हणाले, "बाबा, ही तुमची फॅक्टरी नाहीये. इथे रिसर्च करतात."

ते म्हणाले, "बरं. बरोबर आहे तुझं." आणि हवा कशी आहे, बर्फ पडलं का, असं विचारायला लागले. त्यानंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल तपशिलात कधी विचारलं नाही. कसं चाललंय, छान चाललंय, एवढ्यावर आलं. मला ते बोचलं का? खरं सांगते, नाही बोचलं. मला बरं वाटलं. वेळ वाचत होता.

पेपर लिहून पाठवला. आमच्या लॅबचा एक नियम आहे, छापायला जाण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तो प्रयोग स्वतःच्या भांड्यांत करून दाखवायचा. माझा करायचा होता यानने. पण त्याला मुलगी झाली आणि तो एल्टर्नत्साइटवर गेला, बाळंतपणाची रजा इथे बापालाही असते. प्रोफेसर म्हणाले, तो आल्यावर करू, तोवर पेपर पुढे जाऊ दे. तपासनिसांचं उत्तर आलं: काम उत्तम, पण आणखी बारा उदाहरणं करून दाखवा. मुदत होती दोन-अडीच महिन्यांची, आणि माझं दिवाळीचं तिकीट काढलेलं होतं.

बाबांची धाप तोवर वाढली होती. फुप्फुसं कडक होत चालली आहेत असं डॉक्टर म्हणाले होते, कारखान्यामुळे की कशामुळे ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आई फोनवर सगळं बेतानेच सांगायची. जरा थकतात. जिना चढत नाहीत. रात्री उशा जास्त लागतात. मीही बेतानेच ऐकायची. माणूस दूर असला की दोन्हीकडून असं चालतं, कोणी कोणाला पूर्ण सांगत नाही आणि कोणी पूर्ण विचारत नाही. तुम्हालाही हे माहीत असेल.

मी फोन केला आणि दिवाळीला येत नाही म्हणून सांगितलं. जानेवारीत येते, सगळं आटपून, चांगली महिनाभर राहते. बाबांनी फोन घेतला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, वाक्याच्या मधेच तुटणारा. म्हणाले, "काम पुरं करून ये. बॅच अर्धी टाकून कोणी गेटबाहेर जातं का?" त्यांनी तरी आयुष्यात तसं केलं नव्हतं. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही की डबल ड्यूटी. माझ्या बारशालासुद्धा ते उशिरा पोचले होते, आई हे अजून काढते. मला वाटलं, चला, बाबांची परवानगी मिळाली. मी तिकीट रद्द केलं आणि बारा उदाहरणांच्या मागे लागले. डिसेंबर उजाडेपर्यंत अकरा झाली होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी हूडपाशी उभी असताना फोन आला. आई म्हणाली, "बाय, तुझे बाबा गेले." मी हातमोजे काढले, मिश्रणाखालचा हीटर बंद केला, वहीत वेळ लिहिली. सवयीने हे सगळं केलं. मग खाली बसले. लॅबमधल्या कोणीतरी मला ब्रुसेल्सच्या विमानतळापर्यंत गाडीने सोडलं. ते कोण होतं हे मला आठवत नाही. घरी पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता आणि अस्थी गोळा करून आणल्या होत्या. सावंतकाकांनी अग्नी दिला होता. खुंटीवर खाकी युनिफॉर्म होता, धुतलेला. वास बघितला. साबणाचा येत होता.

तेरावं करून परत आले. जानेवारीत यान कामावर रुजू झाला आणि त्याने माझा प्रयोग लावला. झाला नाही. परत लावला, नाही. तिसऱ्यांदा नाही. तो येऊन हळूच म्हणाला, आल्झो, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल. मी त्याच्यावर भडकले. अकरा उदाहरणं झाली आहेत, तुला झोप मिळत नाही, तू वजनं चुकीची घेतोस, असं काय वाट्टेल ते बोलले, ज्याने मला सगळं शिकवलं त्याला. तो बिचारा गेनाऊसुद्धा म्हणाला नाही. मग मी माझ्या हातांनी लावून दाखवला, झाला. पंच्याऐंशी टक्के जोडणी. बघ, म्हटलं.

यानने फक्त एक विचारलं, तू र्‍यूरफिश कुठला वापरतेस?

मी स्टोअरमध्ये गेले. नवीन भांडं आणलं, वरचा प्लास्टिकचा कागद फाडला. नवीन र्‍यूरफिश आणला, पाकिटातला, पांढराशुभ्र. माळ तीच, रसायनं तीच, पाणी तेच. साठ अंश. पाच तासांनी बघितलं तर काहीही झालेलं नव्हतं. बाबा म्हणाले होते तसं, नुसतं गरम पाणी.

मग समजत गेलं. लॅबमध्ये वर्षानुवर्षं पॅलेडियमची कामं झाली होती. त्या माशांच्या कवचावरच्या ओरखड्यांत ते जाऊन बसलं होतं, डोळ्यांना न दिसणारं, ॲसिडला न जुमानणारं. माझी माळ तिथून ते ओढून काढत होती, म्हणून माळेशिवाय काही होत नव्हतं. काम सगळं जुन्या धातूचं, नाव माळेचं. यान करडे मासे फेकायचा त्याला कारण होतं. मी ते कचऱ्यातून वेचून, धुऊन, बरणीत भरून ठेवले होते. अशी चूक आमच्यातलंच माणूस करू जाणे. आणि ही चूक काय असणार ते खेडच्या एमआयडीसीतल्या बारावी सायन्स माणसाने मला फोनवर, वर्षभर आधी, शब्दाशब्दांत सांगितलं होतं.

तो प्रयोग करायला एक दिवस लागतो. एकच. त्या रविवारी फोन ठेवून सोमवारी केला असता तर पेपर नव्हता, बारा उदाहरणं नव्हती, आणि दिवाळीला मी घरी असते. हे मी किती वेळा मनात मांडलंय त्याला मोजमाप नाही. बाबांच्या शेवटच्या दोन महिन्यांच्या बदल्यात मी एका खोट्या गोष्टीची अकरा उदाहरणं केली.

प्रोफेसरांना त्याच संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं होतं, माझं इथलं संपलं. ते म्हणाले, छापून झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलं ते बरं. पेपर मागे घेतला. माझं कंत्राट वाढवून मिळालं, आणि मी पुढची दोन वर्षं हेच शोधण्यात घालवली, की भांड्यात, ढवळणीत, झाकणात धातू कुठे कुठे लपतो आणि कसा फसवतो. गाजावाजा होणारं काम नाही ते. पण खरं आहे, आणि इतर लॅबमधून कधीकधी आभाराच्या चिठ्ठ्या येतात, की तुमच्यामुळे आमचं वर्ष वाचलं.

प्रबंध लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, बाबांचं नाव आभारात घालायचं नाही. आभारात सगळेच आईवडिलांचे आभार मानतात, कुत्र्या-मांजरांचेसुद्धा मानतात. मला त्यांचं नाव आत हवं होतं, जिथे कोणाचं काय ते नोंदवतात तिथे. ज्या गोष्टी कुठे छापलेल्या नसतात, पण कोणीतरी जाणत्याने तुम्हाला तोंडी सांगितलेल्या असतात, त्यांच्यासाठी शास्त्रात रीत आहे: नाव, हुद्दा, आणि पुढे लिहायचं, व्यक्तिगत संभाषण. मी तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लिहिलं की ढवळणीतून दूषण होत असावं अशी शंका प्रथम यांनी मांडली. बाबांचं पूर्ण नाव. सीनियर ऑपरेटर.

प्रोफेसरांनी मसुदा वाचून त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. हे कोण, कुठल्या संस्थेचे? मी म्हटलं, माझे वडील. त्यांनी चष्मा काढला. मग जरा अवघडून म्हणाले की ओळ राहू दे, राहायलाच हवी, पण तोंडी सांगितलेलं कोणाच्या नावावर छापायचं तर त्या माणसाची लेखी संमती लागते. ते आता नाहीत, तेव्हा घरच्या कोणाची तरी सही आणा.

म्हणून गेल्या मे महिन्यात मी तो कागद घेऊन घरी गेले. आई स्वयंपाकघरात फणसाच्या आठळ्या सोलत होती. सही कशावर म्हणून तिने विचारलं आणि मी तिला मराठीत सगळं समजावून सांगितलं, की मी एक मोठी चूक केली होती, जुनी ढवळणी वापरली होती, आणि बाबांनी मला ती आधीच सांगितली होती, ते बरोबर होते, आता ते माझ्या पुस्तकात छापून येणार. कधी तपासलं, ते मी अजून सांगितलं नव्हतं. पुढच्याच वाक्यात येणार होतं.

आईने हातातली सुरी खाली ठेवली. म्हणाली, "ते मला माहिताय. तू दिवाळीला आली नाहीस ना, तेव्हा वसाहतीतले लोक विचारायचे, मुलगी आली नाही का, बाप एवढा आजारी. मला तोंड दाखवायला लाज वाटायची. पण हे सगळ्यांना सांगायचे, मी तिला भांडं बदलून बघायला सांगितलंय. आता तिला पहिल्यापासून सगळं परत करावं लागतंय, दोन महिने जाणारच. ऑक्सिजन लावला होता तरी नर्सला हेच सांगत होते." आणि मग, पदराने डोळे पुसत, "शेवटपर्यंत खूश होते गो बाय. म्हणायचे, तिने ऐकलंन हो माझं."

मी एक आठळी हातात घेऊन सोलू लागले. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तेच करत होतीस ना गो?"

प्रोफेसरांसमोर मला एक मिनिट लागलं नव्हतं खरं सांगायला. तिथे माझी नोकरी पणाला होती, अडीच वर्षं पणाला होती, तरी सांगितलं. माझ्या वहीत त्या कोऱ्या भांड्याच्या प्रयोगाची तारीख आहे, बाबा गेल्यानंतरची, कोणीही उघडून बघावी. आणि त्या दुपारी आठळ्यांच्या सालांमध्ये बसून मी आईला म्हणाले, "हो आई. तेच करत होते."

तिने सही केली. मोठ्या गोल अक्षरात, नाव, बाबांचं नाव, आडनाव. कागद माझ्या हातात देताना तिचा चेहरा असा हलका झाला होता, की मी उठून मागच्या दारी गेले आणि नळ सोडून उभी राहिले, रडल्याचं ऐकू जाऊ नये म्हणून.

गावाकडच्या तुम्हा लोकांना एक विनंती आहे. आईला आता चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही. हे तिला कोणी वाचून दाखवू नका. माझ्या कामाबद्दल तिने विचारलं तर सांगा, छान चाललंय. आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, तुमच्याही घरून रविवारी फोनवर कोणीतरी काहीतरी सुचवत असेल, ज्याला या कामातलं काय कळतंय असं तुम्हाला वाटत असेल. उपदेश करत नाही. मला तो अधिकार नाही.

इथले लोक मला विचारतात, तुझं घर कुठलं, आखन की इंडिया? पूर्वी मी पटकन उत्तर द्यायचे, वर्षागणिक वेगळं. आता जरा वेळ लागतो. खेडच्या त्या वसाहतीत आई अजून राहते, आणि शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत आहे की मुलगी आली नाही कारण ती बापाचं ऐकून काम पहिल्यापासून करत होती. माझ्यासाठी घर आता तेवढंच उरलंय. साऱ्या जगात ती एकच जागा आहे जिथे मी बाबांचं वेळेवर ऐकलं. तिथे मी चार दिवसांपेक्षा जास्त राहू शकत नाही.